सहाव्या फ्रिजचा नंबर

निवृत्त होण्याआधीचे शेवटचे चार महिने मी एक विचित्र काम केलं. कट्टा गावापासून आचऱ्यापर्यंत घरोघर फिरलो आणि फ्रिज, वॉशिंग मशीन यांची लेबलं परत त्यांच्या पाठीवर चिकटवली. परत म्हणजे, आधी ती काढली होती कोणी? मीच. एक कोपरासुद्धा न फाटू देता, अगदी सुबक काढली होती, आणि वर लोकांकडून शाबासकी घेतली होती. या अंकाचे संपादक म्हणाले, "मेस्त्री, कामातल्या गमतीजमती लिहा." लिहितो. पण ती चूकही लिहिणार आहे, नाहीतर नुसत्या गमती सांगून मोठेपणा मिरवल्यासारखं होईल.

बाहेरच्याला आमचं काम सोपं वाटतं. मेकॅनिक येतो, फ्रिज भिंतीपासून ओढतो, पाच मिनिटं खाटखूट करतो, चहा पितो आणि जातो. मी मात्र कुठल्याही घरात शिरलो की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचो, "लेबल खंय आसा?" प्रत्येक मशीनच्या पाठीवर, बाजूला किंवा दाराच्या आतल्या कडेला एक पांढरी नाहीतर चंदेरी पट्टी असते. तिच्यावर मॉडेल नंबर असतो, वीज किती लागते ते असतं, फ्रिजमध्ये कुठला गॅस भरलाय ते असतं आणि सिरियल नंबर असतो. मॉडेल नंबर हजार फ्रिजचा एकच असेल. सिरियल नंबर मात्र एका फ्रिजचा एकच, दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही. मशीन कुठल्या कारखान्यात, कुठल्या महिन्यात तयार झालं, आत कुठल्या खेपेचे भाग बसवले, हे सगळं त्यावरून कळतं. वॉरंटीचं काम असो की साधा दाराचा रबर मागवायचा असो, कंपनी आधी तो नंबर विचारते. नंबर नसेल तर तुमचा फ्रिज कंपनीच्या लेखी जन्मालाच आलेला नाही.

लोकांना त्याचं सोयरसुतक नसतं. देवबागच्या एका हॉटेलवाल्याला मी फोनवर म्हटलं, जरा लेबल बघून नंबर वाचा. तो म्हणाला, "दोनशे तीस." मी म्हटलं, पुढे? म्हणाला, "पुढे व्ही." अहो, ती वीज झाली, म्हटलं. झालं, तो माझ्यावरच उखडला. "तुमका कसलो नंबर व्हयो तो नीट सांगा मगे! हंय सतरा नंबर आसत!" चूक त्याचीही नव्हती म्हणा. त्या पट्टीवर इतकं बारीक लिहितात की चष्मेवाल्याने दुसरा चष्मा मागावा.

पेंडूरच्या एका काकींची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगतो. त्यांचं वॉशिंग मशीन मागच्या पडवीत होतं. तक्रार त्यांनीच केलेली, आणि मी निघालो तर त्यांचाच फोन. "मेस्त्रीनु, आत्ता येव नकात. मशिनीच्या मागे कोंबडी अंड्यांवर बसली आसा. ती उठली की मी कळवतंय." आता कंपनीच्या कॉम्प्युटरवर काम लांबलं की कारण निवडावं लागतं. यादीत सगळी कारणं होती, कोंबडी नव्हती. मी "ग्राहक उपलब्ध नाही" असं टाकलं आणि तीन आठवडे गप्प बसलो. शेवटी गेलो तेव्हा अंगणात नऊ पिल्लं फिरत होती आणि त्या माऊलीने चोच मारून मारून नंबरातले शेवटचे दोन आकडे खाल्ले होते.

दसऱ्याला तर बघायलाच नको. आदल्या दिवशी घरातलं एकूण एक मशीन अंघोळ करतं. नारळाचा काथ्या घेऊन बायका फ्रिजची पाठ अशी घासतात की लेबल काय, रंगही निघावा. मी ओरडलो की उत्तर तयार. "पूजेक बसवतलंव तेका, मग न्हावक नको?" मग त्या पुसट पट्टीवर गंधाचा टिळा, झेंडूचं फूल. आणि या सगळ्यातून जे वाचेल ते खारा वारा खातो. तारकर्लीच्या किनाऱ्याजवळच्या घरांत मी तीन वर्षांत लेबलं कोरी झालेली बघितलीत. अक्षर म्हणून नाही, नुसता पांढरा कागद.

म्हणून मी माझी एक पद्धत काढली. नवा फ्रिज बसवला की बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन लेबल गरम करायचं, डिंक मऊ झाला की अलगद सोडवायचं, वॉरंटी कार्डाच्या मागे चिकटवायचं आणि कार्ड प्लास्टिकमध्ये बंद करून घरच्या बाईच्या हातात द्यायचं. "देव्हाऱ्यात ठेव नाहीतर ट्रंकेत, पण सांभाळ." कंपनीच्या ट्रेनिंगला आम्हाला बजावलं होतं की लेबल मशीनवरून कधीही काढायचं नाही. मी मनात म्हणायचो, तुम्ही पुण्यात बसून सांगा, तुम्हाला आमचा वारा काय माहीत! आणि खोटं कशाला बोलू, माझी पद्धत चालली. लोकांनी ती कार्डं सोन्यासारखी जपली. दहा वर्षांनी फोन केला तरी धडाधड नंबर सांगायचे. बाकीच्या मेकॅनिकांना नंबर मिळत नसे, मला मिळे. मी जाम खूश होतो स्वतःवर.

गेल्या वर्षी शिमगा संपला आणि कंपनीचं पत्र आलं. एका खेपेच्या फ्रिजमध्ये रिले सदोष निघाला होता. रिले म्हणजे कंप्रेसरला चिकटून बसलेली आगपेटीएवढी डबी. फ्रिज सुरू होताना ती कंप्रेसरला पहिला धक्का देते. या खेपेतली डबी जास्त तापायची. प्लास्टिक वितळून पेट घेण्याची भीती होती. त्या खेपेतले सहा फ्रिज आमच्या भागात विकले गेले होते. सहा सिरियल नंबर दिले होते आणि खाली ओळ होती की हे फ्रिज ताबडतोब बंद करून रिले बदलावा.

मला तर हुरूपच आला. म्हटलं, आता बघा दत्ता मेस्त्रीची कार्डं कशी कामाला येतात! ते सहा नंबर मी भागातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "आपल्या कार्डावरचा नंबर यात आहे का बघा. असेल तर फ्रिज बंद करून मला फोन करा. नसेल तर निर्धास्त राहा." दोन दिवसांत पाच फोन आले. पाचही घरी गेलो, रिले बदलले. खराब रिले ओळखायला सोपा होता. नेहमीचा काळा असतो, हा तपकिरी.

सहावा नंबर दुकानाच्या बिलवहीत मार्था टीचरच्या नावावर निघाला. मार्था टीचर आमच्याच गावच्या, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, मला चौथीत गणित त्यांनी शिकवलं. त्या नातीच्या बाळंतपणाला गोव्याला गेल्या होत्या. घर बंद, फ्रिज बंद, म्हणजे धोका नाही, असा मी हिशोब केला आणि त्या यायची वाट बघितली. आठ-दहा दिवसांनी त्या आल्याचं कळलं तशी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्याकडे गेलो. कार्ड त्यांनी आल्तारवरच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातल्या, फोटोमागून काढून दिलं. नंबर बरोबर सहावा. मी फ्रिज ओढला, मागचं झाकण उघडलं, आणि आत रिले काळा.

मी परत कार्ड बघितलं. परत रिले बघितला. त्या फ्रिजमध्ये कोणी कधी हात घातलेला नव्हता, स्क्रूवर कारखान्याचा रंग तसाच होता.

"काय रे, बिघडलाय का?" टीचर.

"नाही टीचर, एकदम ठीक आहे."

"मग तुझा चेहरा असा का झालाय?"

मी विचारलं, हा फ्रिज कधी घराबाहेर गेला होता का? त्या हसल्या. "घराबाहेर कशाला जाईल? उलट बाहेरचे इथे आले होते. लग्नाला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नघराला शेजारी पातेली देतात, खुर्च्या देतात, तसे हल्ली फ्रिजही देतात. टीचरच्या नातीचं लग्न आदल्या वर्षी जानेवारीत झालं होतं. सरबतं, केक, मटण ठेवायला वाडीतल्या तीन घरांनी आपापले फ्रिज उचलून आणून दिले होते. टीचरचा धरून चार. आणि हे चारही फ्रिज त्याआधीच्या चतुर्थीला एकाच टेंपोतून वाडीत उतरले होते. एकच मॉडेल, एकच निळा रंग, दारावर तेच पांढरं फूल. बसवले मीच, आणि चारांचीही लेबलं काढून कार्डावर चिकटवली मीच. लग्न आटोपल्यावर जेवूनखाऊन सुस्त झालेल्या चार गड्यांनी ते परत पोचवले. कुठला कोणाचा, हे बघायला त्यांच्यापाशी होतं काय? चार घरांत चार कार्डं जिथल्या तिथे राहिली आणि फ्रिज फिरले.

टीचरना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे तो जळका फ्रिज तीन घरांपैकी एका घरात सव्वा वर्ष चालू आहे?"

"हो."

"आणि त्यांच्या कार्डावर दुसराच नंबर आहे."

"हो."

त्यांनी छत्री घेतली. पंचाहत्तरीची बाई, पण माझ्यापुढे चालायला लागली. गावड्यांकडे गेलो, रिले काळा. नाईकांकडे गेलो, काळा. नाईकांची सून हळूच म्हणाली की लग्नाहून फ्रिज आला तेव्हा बर्फाचा ट्रे आधीपेक्षा बरा वाटला होता, पण कोणाला बोलली नाही. एरवी मी हसलो असतो. आता तिसरं घर उरलं होतं, काजूच्या बागेखालचं, सुशीलाचं. सुशीलाचा नवरा बोटीवर असतो. घरी ती आणि खाटेवर पडलेली सासू.

जाऊन बघतो तर दाराला कुलूप. सुशीला कट्ट्याला बाजारात गेलेली, म्हातारी आत. वाडीत कुत्र्यांचा त्रास, म्हणून ती बाहेर जाताना कुलूप लावते. मी खिडकीतून बघितलं. स्वयंपाकघरात निळा फ्रिज घुरघुरत होता आणि त्याला टेकून चुलीसाठी भरून ठेवलेलं सोडणांचं पोतं. वाळलेली नारळाची सोडणं, ठिणगी पडायचा अवकाश. पलीकडच्या खोलीत, दाराशीच, खाट. मीटर बाहेर पडवीत होता ते नशीब. मी मेन स्विच खाली ओढला.

आतून लगेच आवाज आला. "कोण तां? पंखो कित्याक बंद केलंस?"

"आये, मी दत्ता मेस्त्री. तुमचो फ्रिज बघूक इलंय."

"इलंस? आठ दिस मी सांगतंय, फ्रिजाकडे जळको वास येता. माझा कोण आयकता? सून म्हणता, आये, तुका भास होतत."

टीचर खिडकीच्या गजांना धरून तिच्याशी बोलत राहिल्या. म्हातारीचं असं झालं होतं की मध्यंतरी दोनचार वेळा तिने वारलेला नवरा अंगणात बसलाय असं सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं काहीच कोणी खरं धरत नव्हतं. वास येतो म्हटलं, तेही त्यातच गेलं. फ्रिजमधलं पाणीही आठ दिवस तिने प्यायलं नव्हतं. "त्या फ्रिजातला माका नको," म्हणायची. सुशीला बिचारी रोज समजावून थकली होती.

मी सुशीलाला फोन केला. रिक्षाने ये म्हटलं. ती येईपर्यंत आम्ही पडवीत बसलो. टीचर खालच्या आवाजात म्हणाल्या, "लेबलं तू काढलीस ना?"

"खाऱ्या वाऱ्याने जातात टीचर, म्हणून..."

"ते मी विचारलं नाही. सुशीलाला हे कोण सांगणार?"

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात सांगायचं नव्हतं. सदोष भाग कंपनीने बसवला, फ्रिज गड्यांनी अदलाबदल केले, आणि मी तर उलट शोधून काढला, असं सगळं जुळवून ठेवलं होतं. तीस वर्षांचं नाव होतं माझं. रिले बदलायला दहा मिनिटं लागतात. बदलावा आणि निघावं.

सुशीला धावतच आली, पिशवीतली भाजी पडवीत टाकून कुलूप काढलं. मी पोतं बाजूला केलं, फ्रिज ओढला. भिंतीवर पंजाएवढा काळा डाग. झाकण काढलं तर तपकिरी रिले एका बाजूने विरघळून वाकडा झाला होता आणि त्याच्या वायरीचं वेष्टण करपलेलं. किती दिवस उरले होते कोण जाणे. चार असतील, एक असेल. सुशीलाने ते बघितलं.

मी वायर बदलली, नवा रिले बसवला, सगळं दोनदा तपासलं आणि मेन चालू केला. फ्रिज नीट सुरू झाला. सुशीला अजून त्या डागाकडेच बघत होती.

"पण मी बघलंय मेस्त्रीनु," ती म्हणाली. "तुमची यादी इली त्याच दिवशी ट्रंकेतला कार्ड काढून एक एक आकडो बघलंय. दोन वेळा बघलंय. आमचो नंबर तेच्यात नाय होतो. तुमीच लिवलास, निर्धास्त रवा म्हणान. म्हणानच मी आयेचा आयकलंय नाय."

मग स्वतःशीच म्हणाली, "कंपनीचीच चूक म्हणूची, दुसरा काय."

वाट मोकळी होती. मान डोलावली असती तरी पुरलं असतं. टीचर खाटेशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी चिडून गप्प बसलो असतो. पण त्या पोरीने आकडा आकडा जुळवून बघितला होता. मी सांगितलं ते तिने तंतोतंत केलं होतं, आणि म्हणूनच ती सासूला खोटी पाडत बसली. मला तिथे उभं राहवेना.

"सुशीला, डबी खराब ती कंपनीची चूक," मी म्हटलं. "पण तुझ्या कार्डावरचो नंबर ह्या फ्रिजाचो नाय. टीचरच्या घरच्या लग्नात फ्रिज बदलले. कोणाक कळला नाय, कारण फ्रिजावर नंबरच नाय होतो. तो मी काढलंय. कंपनीन नको म्हणान सांगलेला, तरी काढलंय. लेबल पाठीवर आसता तर तुका त्याच दिवशी कळला आसता. चूक माझी."

सुशीलाने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती सरळ खाटेपाशी गेली, खाली बसली आणि सासूच्या हातावर कपाळ टेकून रडायला लागली. "आये, तू खरा सांगत होतंस गो."

म्हातारीने दुसरा हात तिच्या केसांवर ठेवला. "आयकलंस मा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, जिंकल्याचं समाधान मात्र भरपूर होतं. "मी खुळी नाय."

"नाय आये."

"मगे रडतंस कित्याक? उठ. त्या फ्रिजातला पाणी दी माका."

सुशीलाने डोळे पुसले, फ्रिज उघडून बाटली काढली आणि पेला भरून आणला. टीचरनी म्हातारीला पाठीला हात देऊन बसवलं. तिने घोट घोट करत सगळा पेला संपवला, मोकळा पेला सुनेच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्याकाव दी गो. उन्हातून इलो आसा."